बटण कुठे बसवायचं, हे कुणी ठरवलं?

प्रेसखाली बोटं गेली की चौकशी फार लांबत नाही. ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची असताना त्याने एका बटणात कापड कोंबून ठेवलं होतं. सुपरवायझरची सही, पंचनामा, जबाब, फाइल बंद. बोटं त्याची गेली आणि चूकही त्याच्याच नावावर चढली. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत ज्याने चार पाळ्या काढल्या आहेत, त्याला हा क्रम वेगळा सांगावा लागत नाही.

त्या चौकशीत मला आणखी एक प्रश्न विचारलेला हवा आहे. बटणांमधलं अंतर, त्यांची उंची, तासाला किती नग काढायचे याचा हिशेब, आणि एक बटण कायमचं दाबून ठेवलं तरी मशीन चालत राहील अशी वायरिंग, हे सगळं कुणी ठरवलं? आज बाजारात असा रिले मिळतो, जो दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबल्याशिवाय आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा ठोका देतच नाही. तिथे कापड कोंबून काही उपयोग नाही. तो रिले ज्या प्रेसवर नाही, त्या प्रेसवर कापड कोंबलं जाणार हे मशीन बसवतानाच ठरलेलं असतं. मग पंचनाम्यात नाव फक्त ऑपरेटरचं का?

विमानाच्या कॉकपिटला हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी विचारला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं मोहिमेवरून सुखरूप परत येत, धावपट्टीवर टेकत, आणि मग वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवून टाकत. धावतं विमान पोटावर बसे. लष्कराच्या मते ही वैमानिकाची चूक होती. अल्फॉन्स शपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच शेजारीशेजारी, दिसायला सारखे, हाताला सारखे. त्याच काळातल्या सी-४७ विमानात, म्हणजे १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला आपली फौज उतरवणाऱ्या डाकोटात, या दोन्हींची मांडणी वेगळी होती आणि तिथे असे अपघात होत नव्हते. माणसं त्याच तालमीतली, थकवाही तोच. शपानिसने चाकाच्या दांड्याला रबराचं छोटं चाक लावलं, फ्लॅपच्या दांड्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही हाताला कळू लागलं. पुढे दांड्यांच्या मुठींचे आकार अमेरिकेच्या विमान नियमांतच लिहिले गेले, ते आजही आहेत.

नागापूरला मी हे मुद्दाम सांगतो, कारण या वसाहतीत स्विचगिअर बनतात. स्विच हा इथल्या माणसांच्या रोजच्या हातातला माल आहे. तो कुठे बसेल, कोणाच्या शेजारी बसेल आणि त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस कोणत्या अवस्थेत असेल, हे ठरवण्याचंही एक शास्त्र आहे. ते शास्त्र न पाळल्यापायी मराठी घरांनी जबर किंमत मोजलेली आहे.

१ जानेवारी १९७८. सांताक्रूझहून एअर इंडियाचं बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, रात्री दुबईला निघालं. किनारा मागे पडला, पुढे काळा समुद्र आणि काळं आकाश, क्षितिजाची रेघ कुठेच नाही. विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज मात्र उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. त्याने डोळ्यांपुढच्या यंत्रावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे वळवलं. आणखी वळवलं. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

त्या कॉकपिटमध्ये क्षितिज दाखवणारी तीन यंत्रं होती. एक बिघडलं होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरच्या ते लक्षात आलं होतं आणि त्याने तसं सुचवलंही होतं. चौकशीने कॅप्टनच्या हालचालींवर बोट ठेवलं. पुढे अमेरिकेत खटला चालला आणि १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयाने विमान व यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना दोषमुक्त केलं. कायद्याच्या चौकटीत तो निकाल बरोबर असेल. माझं म्हणणं त्या चौकटीबाहेरचं आहे. शंभर सेकंदांत, अंधारात, तीन यंत्रांपैकी खोटं कोण बोलतंय हे हुडकायचं काम आपण एका माणसावर टाकलं होतं, आणि तो त्यात हरला.

हा प्रसंग एकदाच घडला असं कुणी समजू नये. २२ डिसेंबर १९९९ ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू ७४७ निघालं. रात्रच होती, आणि कॅप्टनचं तेच यंत्र बिघडलेलं. या वेळी दोन यंत्रांत फरक पडतोय हे सांगणारा बझर वाजला. तरी कॅप्टन हटला नाही. शेजारचा कनिष्ठ वैमानिक, ज्याच्यासमोरचं क्षितिज बरोबर होतं, तो बोलला नाही. चौघेही गेले. म्हणजे बझर बसवला की काम झालं, असं नाही. बझर वाजल्यावर कोण कोणाला काय म्हणतो आणि वरिष्ठाला अडवायची मुभा कनिष्ठाला आहे की नाही, हेही त्या रचनेचाच भाग आहे. नव्या शिकाऊ पोराने म्हाताऱ्या फोरमनला ‘थांबा’ म्हणण्याची सोय आपल्या किती शॉपमध्ये आहे?

वैमानिकी क्षेत्रात याला सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. नावाने बिचकायचं कारण नाही. विमान, यंत्र, सॉफ्टवेअर, माणूस, त्याचं प्रशिक्षण, त्याची झोप आणि देखभालीचं वेळापत्रक, हे सगळं एकच रचना म्हणून कागदावर मांडायचं. प्रत्येक अपेक्षा लिहून काढायची, ती कुणी पूर्ण केली आणि कोणत्या चाचणीने सिद्ध झाली हे तिच्यासमोर नोंदवायचं. एक वायर हलवली तर तिच्यामुळे आणखी काय काय हलतं, ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. काम कंटाळवाणं, कागदांचं. पण जीव वाचतात ते याच कागदांनी.

आणि कागदानंतर सिम्युलेटर. लोकांना वाटतं सिम्युलेटर म्हणजे तयार विमान शिकायचं साधन. ती त्याची दुसरी कामगिरी. पहिली कामगिरी विमान तयार होण्याआधीची. आधी लाकडाचं नाहीतर पुठ्ठ्याचं कॉकपिट करतात आणि त्यात उंच, बुटके, लांब हाताचे, आखूड हाताचे वैमानिक बसवून पाहतात. अमेरिकी हवाईदलाने १९५० मध्ये चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्सने ती तपासली तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्यात निघाला नाही. सरासरी माणसासाठी केलेली खुर्ची कुणाचीच नव्हती. मग पडदे लावतात, मागे विमानाच्या वागणुकीचं गणित चालवतात. कसबी चाचणी-वैमानिकाबरोबरच रोजच्या ड्यूटीवरचा साधा वैमानिकही त्यात बसतो. त्याला न सांगता एक इंजिन बंद करतात, एक सेन्सर खोटा करतात. त्याची नजर कुठे गेली, हात कुठे गेला, किती सेकंद गेले, सगळं मोजतात. वैमानिक चुकला की आराखडा परत ड्रॉइंग बोर्डवर जातो.

ही पायरी गाळली की काय होतं, ते मुंबईहून निघालेल्या आणखी एका विमानाने दाखवलं. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सची ६०५ क्रमांकाची फेरी, एअरबस ए-३२०, मुंबई ते बंगळूर. तेव्हा हे विमान आपल्याकडे अगदी नवं होतं. उतरताना विमान अशा मोडमध्ये गेलं की इंजिनं आपणहून अगदी कमी शक्तीवर आली, वेग घटत गेला आणि पुढच्या दोघांच्या ते वेळेत ध्यानात आलं नाही. धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर विमान आदळलं. १४६ पैकी ९२ गेले. चौकशीत एक शक्यता मांडली गेली: खाली उतरण्याचा वेग लावायचा होता आणि हात उंचीच्या गोल बटणावर गेला. दोन्ही बटणं एकाच पट्टीत, जवळजवळ.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ तसंच ए-३२० डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. तिथे कॉकपिटमधल्या एकाच छोट्या खिडकीत दोन वेगळे आकडे दिसायचे. उतरण्याचा कोन ३.३ अंश लावला तर ‘३.३’, आणि मिनिटाला ३३०० फूट लावले तर नुसतं ‘३३’. कोन लावतोय असं समजून वेग लावला गेला, असाच तपासाचा रोख होता. त्यानंतर एअरबसने वेगाचे चारही आकडे दाखवायला सुरुवात केली. दोन शून्यांची ही दुरुस्ती. ती सुचायला ८७ माणसं का लागावीत, हा प्रश्न मला आजही सुटत नाही. कुण्या थकलेल्या वैमानिकाला रात्री सिम्युलेटरमध्ये बसवून ती खिडकी दाखवली असती, तर तो तिथेच फसला असता.

म्हणून नियमही बदलले. यंत्रणा अशी असली पाहिजे की वैमानिक चुकला तर ती चूक त्याला दिसेल आणि सावरता येईल, ही जबाबदारी युरोपने २००७ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये विमान बनवणाऱ्यावर लेखी टाकली. माणूस चुकणार, हे गृहीत धरून काम सुरू करा, असं कायद्याने सांगितलं.

तरीही ७३७ मॅक्स घडलं. नाकावरच्या एका सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली ढकलणारी यंत्रणा. वैमानिक सुमारे चार सेकंदांत ओळखेल आणि सावरेल, हे बोइंगचं गृहीतक. २०१२ मध्ये कंपनीच्याच चाचणी-वैमानिकाने सिम्युलेटरवर दहा सेकंदांहून जास्त वेळ घेतला होता आणि परिणाम महाभयंकर असल्याचं म्हटलं होतं. अमेरिकी संसदेच्या समितीने २०२० मध्ये ही गोष्ट उघड केली. सिम्युलेटर खरं बोलला होता. ते ऐकून घ्यायचं नव्हतं, कारण नव्या विमानासाठी वैमानिकांना सिम्युलेटरचं प्रशिक्षण लागू नये, हा विक्रीचा मुद्दा होता. प्रशिक्षण लागलंच तर एका मोठ्या गिऱ्हाइकाला प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलर सूट देण्याचा करार होता. इंडोनेशियात १८९ माणसं गेली, इथिओपियात १५७. पहिल्या अपघातानंतर परदेशी वैमानिकांच्या कौशल्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती, हे मी विसरलेलो नाही.

आणि आपलं मिग-२१. नाशिकजवळच्या आमच्या ओझरला १९६४ पासून ज्या कारखान्याची ओळख या विमानाने झाली, ते मिग. हवाईदलातून ते २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झालं. त्याच्या अपघातांच्या बातम्या वाचत माझी पिढी मोठी झाली, आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी ‘मानवी चूक’ हे दोन शब्द असत. तरुण वैमानिक हळू चालणाऱ्या प्रशिक्षण-विमानातून थेट या वेगवान, उतरताना अवघड विमानात बसत. मधली पायरी हवी, प्रगत जेट ट्रेनर घ्या, असं ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं होतं. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती हवाईदलात २००८ मध्ये आली. २६ वर्षं! या वर्षांत जे गेले, त्यांच्या चुका कुठल्या टेबलावर झाल्या, हे मोजणारी समिती मला माहीत नाही.

त्यांतला एक पुण्याचा होता. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ, वय २७. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडहून रात्री मिग घेऊन उडाला आणि काही क्षणांत कोसळला. ठपका वैमानिकावर. त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, तो ठपका मान्य केला नाही. शहिदाच्या आईने गप्प राहावं अशी अपेक्षा असताना त्या जाहीरपणे बोलल्या, व्यवस्थेशी भांडल्या. मुलावरचा डाग पुढे पुसला गेला. पण त्या आणि त्यांचे पती, स्वतः हवाईदलात वैमानिक राहिलेले कॅप्टन अनिल गाडगीळ, तिथे थांबले नाहीत. त्यांनी पुण्यात जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली, वैमानिकांना सिम्युलेटरवर तयार करण्यासाठी. लाकूड, लोखंड, संगणक घेऊन जमिनीवरचं विमान उभं केलं, जिथे पोरगा शंभरदा चुकला तरी जेवायला घरी येतो.

सरकारला जे १९८२ मध्ये सांगितलं गेलं होतं, ते एका घराने मुलगा गेल्यावर स्वतःच्या हाताने करायला घेतलं. या कामाचं मोल मी शब्दांत करू शकत नाही. शाळेच्या पुस्तकात हा धडा हवा, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

त्याच २००१ सालच्या ४ जानेवारीला तेजस या आपल्या लढाऊ विमानाने बंगळूरला पहिलं उड्डाण केलं होतं. हे विमान मुळातच अस्थिर बांधलेलं, संगणकाच्या आधाराशिवाय ते माणसाला क्षणभरही आवरणार नाही. म्हणून त्याच्या उड्डाण-नियमांचं गणित बसवायला १९९२ पासून वेगळा गट काम करत होता. बंगळूरच्या सिम्युलेटरवर वैमानिक वर्षानुवर्षं ते विमान जमिनीवरच उडवत होते. खऱ्या विमानाचे खरे संगणक आणि खरे जॅक लोखंडी सांगाड्यावर जोडून त्यांचा छळ केला जात होता. अमेरिकेत एका बदललेल्या एफ-१६ वर हे नियम हवेतही तपासून झाले होते. पोखरणनंतर १९९८ मध्ये निर्बंध आले, आपले अभियंते तिथून परत पाठवले गेले. राहिलेलं काम इथल्या माणसांनी इथेच पूर्ण केलं. पहिल्या उड्डाणापासून मार्च २०२४ पर्यंत एकही तेजस कोसळलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात दुबईच्या हवाई प्रदर्शनात आपला एक वैमानिक त्या विमानात गेला, ते दुःख आहेच. पण या तेवीस वर्षांमागे त्या सांगाड्यावरची रात्रंदिवसाची मेहनत आहे, आणि तिची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही.

आता नगरकडे या. वाहननगरच्या व्हीआरडीई या संरक्षण-संशोधन संस्थेने निशांत या मानवरहित विमानासाठी बंगळूरच्या संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन तयार केलं आणि २००९ मध्ये ते कोलारला हवेत गेलं. आपल्या गावाचा हा अभिमान मी कायम मिरवतो. ड्रोनमध्ये वैमानिक नसतो, असं म्हणतात. असतो. तो जमिनीवर, पडद्यापुढे बसलेला असतो. त्याला विमानाचा हेलकावा अंगाला जाणवत नाही, इंजिनचा आवाज बदललेला कानाला कळत नाही, जे काही कळायचं ते पडद्यावरच्या आकड्यांतून. त्याची खुर्ची आणि त्याचा पडदा हे कॉकपिटच आहे आणि विमानातल्यापेक्षा अवघड आहे. आज जिल्ह्यात शेतावर फवारणीचे ड्रोन फिरू लागलेत. त्यांच्या रिमोटवरचा मजकूर कोणत्या भाषेत आहे, उन्हात तो वाचता येतो का, बॅटरी संपत आल्याचा इशारा मोटरच्या आवाजात ऐकू येतो का, हे विकत घेण्याआधी कुणी तपासतं?

याच शहरात लष्कराची रणगाड्यांची शाळा आहे. रणगाडा आणि तोफ जवानाच्या हाती देण्याआधी त्याला सिम्युलेटरवर घोटून घ्यायची रीत तिथे मुरलेली आहे. भिंतीपलीकडे, नागापूर-बोल्हेगावच्या शेडमध्ये, आयटीआयचा पोरगा पहिल्याच दिवशी शंभर टनी प्रेससमोर उभा राहतो. त्याला शिकवतो कोण, तर शेजारच्या प्रेसवरचा, ज्याला स्वतःचे नग काढायचे आहेत. हे मला मान्य नाही. पैशाची सबब तर मुळीच मान्य नाही.

पुठ्ठा लागतो, चिकटपट्टी लागते, आणि दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरचा एक तास लागतो. नवं पॅनेल मागवण्याआधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं पॅनेल करा. बटणं रंगवा, गेज काढा. त्यापुढे पाच फुटी माणूस उभा करा, सहा फुटी करा, डावखुरा करा, हातमोजे घालून करा. त्याला सांगा, आणीबाणीचं बटण डोळे मिटून शोध. नगरच्या पॉलिटेक्निकमधली शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी प्रोजेक्टसाठी कारखान्यांचे उंबरे झिजवतात. त्यांना हे काम द्या, ती आनंदाने करतील. मग गेजवर, ऑपरेटरला न सांगता, एक खोटा आकडा चिकटवा आणि हातात घड्याळ धरा. त्याला ते कळायला किती सेकंद लागले ते कागदावर लिहा, खाली त्याची सही घ्या, आणि पॅनेल बनवणाऱ्याचं बिल त्या कागदाशिवाय मंजूर करू नका.